घरच्यापुरती बिअर घरी करायला कायद्याने मुभा असावी का?

कोथरूडकर

नोकरीमुळे काही वर्षं इंग्लंडात लीड्सला होतो. तिथे शेजारच्या काकांकडून घरी बिअर करायला शिकलो. पुण्याला परतताना सगळी भांडी त्यांनाच देऊन आलो, कारण महाराष्ट्रात विनापरवाना बिअर करणं गुन्हा आहे. घरात एक बाटली केली तरी.

हे बदलावं असं मला मनापासून वाटतं. प्रौढ माणसाने स्वतःच्या घरी, स्वतःला आणि पाहुण्यांना पुरेल एवढी बिअर केली, एक थेंबही विकला नाही, तर तो गुन्हा असू नये. इंग्लंडातही १९६३ पर्यंत घरी बिअर करायला परवाना लागायचा, तो काढून टाकला. अमेरिकेने १९७८ साली कायदा करून एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, म्हणजे जवळपास ३७८ लिटर, अशी मुभा दिली. एवढी मला नको. महिन्याला दहा लिटरची मर्यादा घाला, चालेल.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण 'घरी दारू गाळतात' असं चित्र डोळ्यांपुढे येतं आणि ते चूक आहे. यात गाळणं नाहीच. साडेचार लिटर बिअरला साधारण किलोभर माल्ट लागतं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. ते भरडून मलमलच्या पिशवीत घालायचं आणि ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. पातेल्याला जुनी चादर गुंडाळली की तापमान टिकतं. तासाभराने पाणी चाखलं तर चक्क गोड लागतं, कारण धान्यातल्या स्टार्चची साखर झालेली असते. मग पिशवी काढून ते पाणी हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून तासभर उकळायचं. हॉप्सचा कडवटपणा उकळल्याशिवाय उतरत नाही. मग बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवून झटपट वीस अंशांवर आणायचं, यीस्ट घालायचं आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर जाऊ देणारी, हवा आत न येऊ देणारी झडप) लावून बंद करायचं. दुसऱ्या दिवशी वर तपकिरी फेसाचा जाड थर येतो आणि एअरलॉकमधून बुडबुडे सुरू होतात. रसाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर सुरुवातीला १.०४८ दिसलं आणि शेवटी १.०११ वर स्थिरावलं, तर अल्कोहोल पाच टक्क्यांच्या जरा खाली. बाटलीबंद केल्यावर आणखी दोनेक आठवडे थांबायचं.

शनिवारची अख्खी सकाळ जाते आणि हातात काय येतं? सात बाटल्या. झिंगायचं असेल त्याला दुकान जवळ पडतं. हे काम करतो तो चवीपायी करतो.

सदाशिव_पेठ_वकिली

आधी कायदा नीट मांडतो, म्हणजे चर्चा हवेत जाणार नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा. पूर्वी नावात 'मुंबई' होतं. कलम १२ प्रमाणे दारू तयार करायला बंदी आहे आणि 'दारू'मध्ये बिअर येते. जे काही चालतं ते परवान्यावर. कलम ६५ मध्ये शिक्षा आहे आणि दारू करण्याच्या हेतूने साहित्य, भांडी बाळगणंही त्यात येतं. 'थोडीशीच केली', 'विकली नाही' हा बचाव नाही. तेव्हा इथे कुणी नवशिका वाचत असेल तर आज घरी करू नका, एवढं स्पष्ट सांगतो.

आता मत. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बालसारा खटल्यात या कायद्याचा मोठा भाग कायम ठेवला. अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी मात्र रद्द केली. म्हणजे सरसकट बंदी ताणली की ती कुठेतरी अवास्तव होते, हे तेव्हाही मान्य झालं होतं. स्वतःपुरत्या बिअरला सूट द्यायची तर ती विधिमंडळाने द्यावी. मला त्यात गैर काही दिसत नाही.

वस्तीताई

मी गेली बरीच वर्षं येरवडा भागातल्या वस्त्यांमध्ये बायकांच्या बचत गटांचं काम करते. माझा ठाम विरोध आहे.

आमच्या बायकांना एक दुकान बंद करायचं तर सह्या गोळा करा, पडताळणी होऊ द्या, मग मतदान. उभी बाटली की आडवी बाटली. आडव्या बाटलीला ठरवून दिलेली मतं पडली तरच दुकान बंद. त्या दिवशी कामावर खाडा करून बायका रांगेत उभ्या राहतात. निदान दुकानाला पाटी असते, वेळ असते, परवाना असतो, म्हणून त्याच्याविरुद्ध काही करता तरी येतं. घराच्या आत दारू तयार व्हायला लागली तर ती बाई मतदान कशावर घेणार?

तुमच्या घरात सात बाटल्यांवर थांबेल, मान्य. कायदा फक्त तुमच्या घरासाठी होत नसतो.

प्रयोगशाळा_निवृत्त

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे एक गोष्ट स्पष्ट करते. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलने. ते मिथेनॉल औद्योगिक वापराचं होतं, ते दारूत मिसळून विकलं गेलं. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये जीव घेईल एवढं मिथेनॉल होत नाही. विषबाधेची भीती घालून घरच्या बिअरला विरोध करू नये, ते शास्त्राला धरून नाही.

मात्र धोका नाही असंही नाही. पहिला धोका बाटलीचा. आंबण्याची क्रिया पूर्ण व्हायच्या आत बाटली बंद केली, किंवा फेसासाठी शेवटी घालायची साखर अंदाजाने टाकली, तर आत दाब वाढून बाटली फुटते. काचा भिंतीत रुततात. लिटरला सहा ग्रॅमच्या आसपास साखर पुरते आणि ती काट्यावर मोजूनच घालायची. हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस हललेला नाही हे पाहिल्याशिवाय बूच लावायचंच नाही.

दुसरा धोका स्वच्छतेचा. उकळेपर्यंत फारशी चिंता नसते. रस थंड झाला की त्याला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी: नळी, झाकण, बाटली, स्वतःचा हात. विरजणाला आदल्या दिवशीचं दही चालतं, इथे तसं चालत नाही. नको ते जंतू शिरले की बिअर आंबट होते, चिकट तार धरते. पिऊन कुणी मरत नाही, पण ओतून द्यावी लागते.

वस्तीताई

बाई, मिथेनॉलचं मला माहीत आहे. विषाची भीती मी घातलेलीच नाही. मी रोजच्या, बिनविषारी दारूबद्दल बोलतेय. संसार त्याच दारूने मोडतात.

आणि दुसरं. आमच्या भागात धाड पडते तेव्हा पोलीस बाईच्या घरातली पिंपं लाथेने पालथी करतात, तिला गाडीत घालतात. तिचा धंदा मला मान्य नाही, मी स्वतः त्याविरुद्ध तक्रारी केल्यात. पण उद्या कोथरूडात तेच पिंप 'छंद' ठरणार आणि येरवड्यात 'हातभट्टी', हे मी कसं सहन करू?

कोथरूडकर

ताई, हा मुद्दा मला लागला आणि तो टाळणार नाही. रेषा पत्त्यावरून काढायची नाही, कृतीवरून काढायची. आंबवणं आणि गाळणं या दोन वेगळ्या कृती आहेत. गाळायला भट्टी लागते, वाफ थंड करायची नळी लागते, त्यातून तीव्र दारू निघते. मुभा फक्त आंबवण्याला द्या. गाळणं सगळ्यांना बंद, कोथरूडातही बंद. विक्री सगळ्यांना बंद. मग येरवड्यातल्या घरातही दहा लिटर बिअर ही दहा लिटर बिअरच राहील.

मुंढवा_शिफ्ट

मी एका मायक्रोब्रूअरीत, म्हणजे जागेवरच बिअर करून विकणाऱ्या छोट्या ठिकाणी, कामाला आहे. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. हौशी माणसाला पुण्याच्या हवेत हे जमत नाही आणि वाईट बिअर पिऊन तो म्हणतो, ताजी बिअर अशीच असते.

एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३८-४० वर, बंद खोलीत रात्रीसुद्धा ३०. एल या नेहमीच्या प्रकारच्या बिअरच्या यीस्टला १८ ते २२ लागतं. तीस अंशांत ते उधळतं, बिअरला थिनरसारखा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. लागर ही थंडीत आंबणारी बिअर तर विसराच, तिला दहा-बारा अंश लागतात. आमच्याकडे टाक्यांना थंड ग्लायकॉल (न गोठणारा द्रव) फिरवणारं आवरण असतं, रात्री अलार्म वाजतो. घरी कोण बघणार?

पुण्यात चांगली बिअर मिळत नाही असंही नाही. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रूअरी २००९ मध्ये इथेच सुरू झाली. मधापासून मीड करणारेही इथलेच. प्या की तिथे.

कोथरूडकर

उन्हाळ्याचं बरोबर आहे, पण बारा महिने उन्हाळा नसतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात, उत्तरेकडच्या खोलीत दिवसाही २०-२२ राहतं. एलसाठी याहून चांगलं काय हवं? आणि नॉर्वेतलं क्वाइक यीस्ट ३५ अंशांतही स्वच्छ आंबवतं. ते तर पुण्याच्या मार्चसाठीच आहे म्हणा.

एका वेळी थोडीच बिअर करण्याचा फायदा इथेच आहे. पाच लिटरची बरणी घमेल्यात पाणी घालून ठेवता येते, ओला टॉवेल गुंडाळून पंख्याखाली दोन-चार अंश उतरवता येतात. वीस लिटरचं पिंप असं सांभाळता येत नाही. नवशिक्याने वीसच्या मागे लागूच नये. बिघडली तर पाच लिटर ओतून देताना जीव कमी जळतो, आणि पुढच्या वेळी फक्त हॉप्स बदलून काय फरक पडतो ते बघता येतं.

'बाहेर मिळते की' हे मला पटत नाही. अमेरिकेतली सिएरा नेवाडा ब्रूअरी काढणारा केन ग्रॉसमन आधी घरीच बिअर करत होता. तिकडच्या कितीतरी ब्रूअऱ्या अशाच घरातून निघाल्या. तुमच्या धंद्यात पुढचे चांगले लोक यायला हवे असतील तर त्यांनी हात कुठे साफ करायचा?

मुंढवा_शिफ्ट

आमच्याकडे येऊन. खरंच सांगतो, धान्य ओढायला आणि टाकी घासायला माणूस कायम कमी असतो. ब्रूइंग म्हणजे दिवसभर धुणं. ते सहा महिने केलं की घरी करायची हौस टिकते का ते कळेल.

क्वाइकचं मात्र मान्य. आम्हीही वापरतो.

हिंजवडी_रात्रपाळी

मी अगदी नवखा आहे. पाण्याचं काय? आमच्या सोसायटीत अर्धं वर्ष टँकर. आणि कायद्यात राहून हात बसवायचा तर काय करता येईल?

प्रयोगशाळा_निवृत्त

टँकरचं पाणी बहुधा बोअरचं आणि जड असतं, क्षार जास्त. फिकट बिअरमध्ये कडवटपणा त्याने रखरखीत लागतो. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माल्टमधल्या घटकांशी जुळून औषधासारखा वास देतं. आधी पाणी उकळून गार केलं तर क्लोरीन जातं.

हात बसवायचा तर बिअर न करताही बरंच शिकता येतं. आरओचं पाणी घेऊन माल्टचा रस काढा, तापमान तासभर टिकवा, उकळा, थंड करा आणि तसाच प्या. यीस्ट घालू नका. मुलंसुद्धा आवडीने पितात. तापमान सांभाळणं आणि स्वच्छता, हीच दोन कामं नव्वद टक्के शिकायची असतात.

सदाशिव_पेठ_वकिली

या सूचनेला माझी हरकत नाही. आल्याचं 'जिंजर बिअर' घरी आंबवणाऱ्यांनी मात्र लक्षात घ्यावं की त्यातही अल्कोहोल होतं. नाव निरुपद्रवी आहे म्हणून कायदा सोडत नाही.

कोथरूडकर, तुमच्या प्रस्तावात एक भोक आहे. महिन्याला दहा लिटर हे मोजणार कोण? इन्स्पेक्टर घरोघर फिरणार का?

कोथरूडकर

घरोघर कुणी फिरू नये. ऐच्छिक नोंदणी ठेवा: वय, पत्ता, वर्षाची फी. बिअरसाठी राज्यात २१ वर्षांची अट आहे, ती इथेही लावा. हॉप्सशिवाय ओळखीची बिअर होत नाही आणि हॉप्स काही वाण्याकडे मिळत नाहीत. ती विकताना नोंदणी क्रमांक लिहून घ्या, मर्यादा आपोआप कळेल. कुणी बिअर विकताना सापडला तर नोंदणी रद्द आणि आजचीच शिक्षा.

वस्तीताई

नोंदणीचं मी वाचलं. आधीच्यापेक्षा बरं आहे, तरी माझा विरोध कायम आहे. तुमच्या अर्जावर वय आहे, पत्ता आहे. त्या घरात राहणाऱ्या दुसऱ्या प्रौढ माणसाची सही कुठे आहे? बायकोची, आईची? ती नको म्हणाली तर नोंदणी होणार नाही, आणि तिने नंतर कधीही एक अर्ज दिला तर चौकशीशिवाय रद्द होईल, एवढं लिहिणार असाल तर पुढे बोलू.

कोथरूडकर

लिहितो. घरातल्या प्रत्येक प्रौढाची सही, आणि त्यातल्या कुणाही एकाच्या अर्जावर नोंदणी रद्द. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं असं नाही म्हणत, ते तुमच्याकडूनच यायचं होतं. वकीलसाहेब, याचा मसुदा कसा करायचा?

सदाशिव_पेठ_वकिली

रद्द करण्याचं कलम सोपं आहे. सहीचं अवघड आहे, कारण दबावाखाली केलेली सही कागदावर खरीच दिसते. ती अधिकाऱ्यासमोर, एकेकट्याने घ्यावी लागेल. रविवारी बसून लिहितो. ताई, तुम्ही वाचून खोडायचं.

वस्तीताई

पाठवा. खोडेनच.