मदत हवी आहे: क्वांटम कॉम्प्युटर खरंच होणार का? अर्जंट

खडूफळा: सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय आणि डोकं चालेनासं झालंय. गूगल म्हणतं त्यांच्या विलो या क्वांटम चिपवर एरर करेक्शन (क्युबिटच्या, म्हणजे क्वांटम बिटच्या, चुका दुरुस्त करणं) जमलं, तिकडे गिल कलाईंसारखे गणितज्ञ म्हणतात नॉइज (क्युबिट बिघडवणारी गडबड) तेवढा खाली येणारच नाही. कोणाचं खरं धरायचं? एवढंच सांगा प्लीज.

रेवदंडेकर: कळवायचंय काय पण? नोकरी, शेअर, कॉलेजचा प्रोजेक्ट?

शांताराम_७१: बँकेतल्या पैशांसाठी घाबरू नका. आरएसए-२०४८ हे सध्याचं एन्क्रिप्शन फोडायला २ कोटी क्युबिट लागतात, आणि नवीन एन्क्रिप्शनची स्टँडर्ड्स अमेरिकेच्या निस्टने २०२४ लाच काढलीत.

घारापुरी: काका २ कोटी हा २०१९ चा अंदाज, गूगलच्याच गिडनीने मे २०२५ मध्ये तो १० लाखांच्या आत आणला. आणि बँकेचं विचारलंय कोणी?

खडूफळा: पीएचडी हो! सुपरकंडक्टिंग क्युबिटवर (विलोसारखेच, अतिथंड सर्किटचे), मुंबईत. फील्डच बसलं तर पाच-सहा वर्षं पाण्यात.

आयनवाला: मग आयन ट्रॅप घे, म्हणजे विद्युतभारित अणू पकडून त्यांचेच क्युबिट. अणू सगळे हुबेहूब सारखे, बनवताना फरक पडायचा प्रश्नच नाही.

घारापुरी: आणि गेट (क्युबिटवरची एकेक क्रिया) हजारपट हळू, ते पण सांगा ना त्याला. विलोत १०१ क्युबिट मिळून एक लॉजिकल क्युबिट (चुका दुरुस्त होणारा एक भरवशाचा क्युबिट), तोही फक्त माहिती टिकवतो, गणित करत नाही, हे मान्यच. पण कोडचं डिस्टन्स (चुका पकडणाऱ्या क्युबिटच्या जाळीचा आकार) ३ चं ५ आणि ५ चं ७ केलं तेव्हा दर वेळी एरर निम्म्याहून खाली आली, म्हणजे क्युबिट वाढवले की चुका कमी होतात हे मोजून दिसलं, मला कलाईंच्या म्हणण्यापेक्षा हे वजनदार वाटतं. खरं अडतंय वायरिंगला. क्युबिटच्या फ्रिजमध्ये १०-२० मिलिकेल्विन (जवळपास उणे २७३ अंश सेल्सिअस), तिथपर्यंत जाणारी प्रत्येक केबल उष्णता आणते, लाखो क्युबिटना अशा केबली टाकून जमणारच नाही.

शांताराम_७१: त्या फ्रिजला हीलियम-३ लागतो, तो ट्रिटियमपासून मिळतो. चंद्राच्या मातीतही आहे म्हणतात.

रेवदंडेकर: चंद्र राहू दे. @खडूफळा, मोठं मशीन तुझ्या पीएचडीत होणार नाही, पण काम बंद पडेल असंही नाही. नॅशनल क्वांटम मिशनला ६००० कोटी मंजूर आहेत, टार्गेट ५० ते १००० क्युबिट. मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था आणि डीआरडीओने २०२४ मध्ये ६ क्युबिटचा प्रोसेसर चालवून दाखवला, म्हणजे आपल्याकडे करण्यासारखं ढीगभर पडलंय. मी तरी हो म्हणेन. फक्त गाईडला विचार, फ्रिज ग्रुपचा स्वतःचा आहे की दुसऱ्यांकडे नंबर लावावा लागतो?

खडूफळा: हे विचारलंच नव्हतं. आत्ता मेल करतो.