कोतवाल बुकात आजोबांचे नाव सापडत नाही

वाईकर:
आमचे मूळ गाव वाई तालुक्यातले. शाळेच्या दाखल्यावर आजोबांची जन्मतारीख 1 जून 1919 आहे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना 14, म्हणजेच कोतवाल बुक, याच्या 1917 ते 1921 मधील जन्मनोंदींच्या नकला काढून मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून वाचून घेतल्या. परंतु त्यांत आजोबांचे नावही नाही आणि आमचे आडनावही नाही. पणजोबा मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत गेले, एवढेच घरात ठाऊक आहे. पुढे काय करावे?

मोडीप्रेमी:
आपण मुलाचे नाव शोधत आहात, तिथेच घोळ आहे. जन्माची वर्दी बहुधा बारशाआधीच दिली जाई, त्यामुळे त्या रकान्यात नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असे लिहिलेले आढळते. बापाचे नावही पुष्कळदा ‘अमका बिन तमका’ (तमक्याचा मुलगा अमका) अशा रीतीने, आडनावाशिवाय येते. म्हणून पणजोबा आणि खापरपणजोबा यांच्या नावांची जोडी लावून पाने पुन्हा वाचून घ्यावीत.

जुना तलाठी:
1 जून या तारखेवर मुळीच विसंबू नका. ती गुरुजींनी शाळेत घालताना अंदाजाने लिहिलेली असणार. मानमोडीचा कहर 1918 च्या शरद ऋतूत झाला. पणजोबा खरोखरच त्यात गेले असतील, तर जून 1919 चा जन्म ओढूनताणूनच बसतो. तेव्हा 1910 पासूनची पाने पाहा, आणि त्याआधी 1918 च्या मृत्यूनोंदी काढा. पणजोबांच्या नावे जमीन असल्यास वारसाचा फेरफारही मिळेल. त्यात आजोबा ‘अज्ञान’, म्हणजे अल्पवयीन, म्हणून आईच्या पालनाखाली दाखवलेले असू शकतात.

परभणीकर:
आपले काम मोडीवर भागते आहे. आमच्याकडे निजामाच्या अमलातली दप्तरे उर्दूत, आणि साल फसली, म्हणजे महसुली. त्यात 590 मिळवल्यावर इसवी सन निघतो.

वाईकर:
सर्वांचे आभार. 1914 च्या पानावर पणजोबांच्या नावापुढे ‘मुलगा’ अशी नोंद सापडली; आजोबांना दुसरा भाऊ नव्हता. 1918 च्या मृत्यूनोंदीत पणजोबा आहेत, कारण ‘ताप’. त्यांच्याखाली दोनच ओळी सोडून, त्याच बापाच्या नावे, एक वर्षाची मुलगी आहे. तिच्याविषयी घरात कधीच कोणी बोलले नव्हते.