शिकवून तयार केलेला सेटर, म्हणजे कामासाठी मशीन जुळवून देणारा कारागीर, सोडून जातो. करारबंधन योग्य आहे का?

भोसरीतील कारखानदार : आमच्या व्हीएमसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारे उभे मशीन) मशीनिंगच्या युनिटमध्ये चौदा माणसे आहेत. आयटीआय करून आलेल्या मुलाला ड्रॉइंग वाचण्यापासून टूल ऑफसेट (कापणाऱ्या हत्याराच्या मापाची दुरुस्ती) देण्यापर्यंत तयार करायला दोन वर्षे लागतात आणि तो एकट्याने सेटिंग करू लागला की चाकणची मोठी कंपनी त्याला घेऊन जाते. दिवाळीनंतर असाच एक सेटर गेला. फिक्स्चरच्या (नग मशीनवर घट्ट धरणाऱ्या साधनाच्या) खाचाखोचा त्याच्या स्वतःच्या वहीत होत्या. वही त्याच्याबरोबर गेली आणि पुढच्या लॉटचे पहिले बारा नग बोअर, म्हणजे आतले भोक, मोठा झाल्याने भंगारात टाकावे लागले. म्हणून शिकून झाल्यावर दोन वर्षे थांबावे, नाहीतर शिकवण्याचा खर्च भरून द्यावा, असा करार लिहून घेणे मला न्याय्य वाटते.

चाकणमधील सेटर : मी अशाच एका लहान कारखान्यातून बाहेर पडलो, म्हणून मला हे अजिबात मान्य नाही. पगारात चार हजारांचा फरक होता, पण केवळ तेवढ्यासाठी मी गेलो नसतो. वीसपेक्षा कमी माणसे असल्याने पीएफ लागू होत नाही, असे मालक सांगत. परंतु मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर लहान आस्थापनेलाही त्यात स्वेच्छेने सामील होता येते. लग्नासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा तिच्या वडिलांनी सर्वप्रथम पीएफ कापतात का, हेच विचारले होते. शिवाय माझी मूळ प्रमाणपत्रे मालकांच्या कपाटात होती; ती परत मिळवण्यासाठी तीन महिने खेटे घालावे लागले.

कामगार कायद्याचे सल्लागार : प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे सर्वस्वी गैर आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करण्यास मनाई करणारी अट सहसा टिकत नाही. ठरावीक काळ सेवेची अट मात्र वेगळी आहे. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे सेवा किंवा दोन लाख रुपये, ही अट वैध ठरवली.

शिरोलीतील फाउंड्रीचालक : बँकेचा दाखला चौदा माणसांच्या कारखान्याला कसा लावायचा? लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार आमची बिले जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवीत, प्रत्यक्षात नव्वद दिवस वाट पाहावी लागते. पगार मात्र सात तारखेला द्यावाच लागतो. तरीही मी करार करून घेत नाही, कारण मन उडालेला मोल्डर (ओतकामाचे साचे करणारा) सहीपोटी थांबला तर रिजेक्शन, म्हणजे नाकारलेला माल, वाढते, हे मी पाहिले आहे.

भोसरीतील कारखानदार : पीएफचा मुद्दा मला पटला, या वर्षी नोंदणी करतो. सेटिंगची वहीही यापुढे मशीनपाशी, कारखान्याच्या मालकीची राहील. करार मात्र मी सोडणार नाही. भरपाईची रक्कम दरमहा घटत जाईल, एवढी दुरुस्ती करतो.

चाकणमधील सेटर : ही रक्कम आधीच लिहून दिलेली असेल आणि प्रमाणपत्रे माझ्यापाशी राहणार असतील, तर मी एका वर्षासाठी सही केली असती. दोन वर्षांसाठी आजही करणार नाही.