मे महिन्यात देवबाग ते मालवण किनाऱ्याने चालत: निघायचं कधी?

काठाकाठाने: बारा जण आहोत, तिशी ते साठीतले. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावरून तारकर्ली, वायरी, दांडी करत मालवण, साधारण दहा-अकरा किलोमीटर. शेवटी मालवणात थंड बिअर आणि माशांचं जेवण. पहाटे पाचला निघालं की भागेल? पाणी किती?

ओहोटीवाला: घड्याळाआधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, शुद्ध-वद्य दोन्ही पक्षांत. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला समुद्र भरलेला. पाचला निघालात तरी वरच्या भुसभुशीत वाळूतून जावं लागेल आणि तारकर्लीतच पोटऱ्या भरून येतील. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, ओहोटी त्याआधी सहा तास, साडेसातला. साडेसहाला निघा, तीन तास ओली घट्ट वाळू मिळते. अर्धा तास इकडेतिकडे होतोच. आठपर्यंत सुरूच्या बनाची सावलीही वाळूवर असते. नऊनंतर मतलई वारा (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) पडतो आणि खारा वारा (समुद्राकडून येणारा) सुटेपर्यंत जीव घामाने नकोसा होतो. त्याआधी वायरी मागे टाका.

संगमावर पाण्यात उतरू नका, ओहोटीला कर्लीचं पाणी जोरात बाहेर ओढतं. दांडीला रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर ताणलेला दोर ओलांडू नका, वरून वळसा घ्या.

खाबूगिरी: पाणी माणशी अडीच लिटर, त्यातल्या एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर. बूट-मोजे नकोत, ओल्या मोज्यात वाळू गेली की फोड ठरलेले. पट्ट्याची सँडल बरी. गाड्या मालवणात लावा आणि देवबागला जायच्या रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवा. खानावळीलाही बारा ताटांचं तेव्हाच सांगा, आयत्या वेळी सुरमई संपलेली असते. खानावळीत दारू चालेलच असं धरू नका, परमिट रूम वेगळी शोधावी लागते. पोचल्यावर आधी मीठ घातलेलं कोकम सरबत, अर्ध्या तासाने बिअर. घामाने सुकलेल्या अंगावर थेट बिअर घेतली की डोकं धरतं. गाडी चालवणाऱ्याने सोलकढीवर भागवावं. मतदान संपण्याआधीचे ४८ तास ड्राय डे असतो, तेही बघा. आणि जूनवर ढकलू नका, १ जूनपासून मासेमारी बंद.

काठाकाठाने: द्वितीयेला रविवार जमत नाही. तृतीया चालेल?

ओहोटीवाला: ओहोटी सव्वाआठला, चालेल. पण वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि वद्य तृतीयेला कधी कधी संकष्टी येते. गटात मासे कोण खाणार ते आधी विचारा, मग ताटं सांगा.