मदत हवी आहे : आयटम मोट (केंट) पाहायला ज्येष्ठांना नेताना

इंग्लंडच्या केंटमधला आयटम मोट हा 14व्या शतकातला, खंदकाने वेढलेला मॅनर, म्हणजे जमीनदाराचा वाडा. आता तो नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. गुडघेदुखी असलेल्या आईला न्यायचंय. जवळचं स्टेशन बरो ग्रीन, पण तिथून साडेतीन मैल. गल्लीवजा रस्त्यांना फुटपाथ नाही, त्यामुळे चालत जाणं बाद. परतीची टॅक्सी आधी ठरवावी लागते का, की ऐनवेळी मिळते?

कार पार्कपासून घरापर्यंत उतार आहे, म्हणजे येताना चढ. आतल्या चौकात गोटे बसवलेत. काठीचं टोक फटीत अडकतं, आणि पाऊस पडला की ते निसरडे होतात. व्हीलचेअर त्यावरून नीट जाते का? वरच्या मजल्यावरचं चॅपेल (छोटं प्रार्थनाघर) जिने न चढता पाहण्याची काही सोय आहे का?

मला मुख्य ओढ त्या चॅपेलच्या छताचीच. लाकडी कमानदार छत, त्यावर ट्यूडर राजघराण्याचं चिन्ह असलेला गुलाब आणि आठव्या हेन्रीची पहिली राणी कॅथरीन हिचं चिन्ह असलेलं डाळिंब रंगवलेलं. जवळपास 500 वर्षांचे रंग, म्हणून उजेड मुद्दाम मंद ठेवतात, फ्लॅश चालत नाही. कॅमेऱ्यावर भिंगाचं छिद्र एफ 2.8, प्रकाशसंवेदनशीलता आयएसओ 3200 आणि शटर 1/30 सेकंद पुरेल असा अंदाज आहे. मोबाइलवर मात्र छत करडं येतं, डाळिंबाचा तांबूसपणा पार हरवतो. तिथे फोटो काढलेल्यांनी व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवण्याची सेटिंग) किती ठेवला होता? आणि खिडकीतून ऊन थेट येत नाही अशी वेळ कोणती?