जीआरईच्या निबंधात ३ आले, परत देऊ का?

सांगलीचा_मेकॅनिकल
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात जीआरई दिली, म्हणजे परदेशात मास्टर्सच्या प्रवेशासाठी देतात ती परीक्षा. क्वांट (गणित) १६५, व्हर्बल (इंग्रजी) १५१, पण ॲनालिटिकल रायटिंगला (निबंध) ६ पैकी ३. सेंटरवर स्क्रीनवर क्वांट-व्हर्बलच दिसतं त्यामुळे खुशीत घरी आलो आणि दहा दिवसांनी हे बघितलं. दहावीपर्यंत मराठी मीडियम. क्लासमध्ये एक साचा पाठ करून घेतलेला, सुरुवात, तीन पॅरे, शेवट, फक्त विषयाचे शब्द बदलायचे. तेच लिहिलं, ५०० शब्द भरले, ग्रामरच्या चुकापण फार नसाव्यात. मग कमी का आले? आणि परत द्यायची का? घरी परत फी मागायला जीव होत नाहीये.

पुणे_ते_टेक्सास
अरे मित्रा, त्या साच्यानेच घात केला. विषयाच्या खाली दोन-तीन ओळींची सूचना असते ना ती दरवेळी वेगळी असते. कधी विचारतात की हे विधान कुठल्या परिस्थितीत खरं ठरेल आणि कुठल्या नाही, कधी म्हणतात तुझ्या मताला कोण कसा विरोध करेल ते लिही. साचा या सूचनेचं उत्तरच देत नाही. एक माणूस तपासतो आणि परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेचा ई-रेटर प्रोग्रॅमपण, दोघांत फार फरक पडला तर दुसरा माणूस बघतो. शिवाय इतरांच्या निबंधाशी मजकूर जुळतो का तेही तपासतात, त्यामुळे क्लासची पाठ वाक्यं टाकणं धोक्याचंच आहे.

विषयांची अख्खी यादी ईटीएसच्या साइटवर फुकट आहे. त्यातला एक विषय साधारण असा, की समाज समजून घ्यायचा तर त्याची मोठी शहरं अभ्यासा. मी सरावाला घेतला तेव्हा आधी लिहिलं की नाही, सहकारी साखर कारखानदारी समजायची तर प्रवरानगरला जावं लागेल, मुंबईत बसून ती कळणार नाही. मग स्वतःलाच विचारलं की गिरणगाव बघून कोकण कळत नाही का, गिरणीतली माणसं तिथूनच आलेली, पगार मनीऑर्डरने गावी जायचा. म्हणजे शहरातून गावपण दिसतं, पण गावाकडे राहिलेली बाई कशी जगत होती ते नाही दिसत. इथे माझं मूळ मत थोडं बदललं आणि तो बदल मी निबंधात तसाच ठेवला. मार्क यालाच आहेत रे. इंग्रजी साधंच होतं माझं, पहिल्यांदा ३.५ आणि नंतर ४.५ आले.

नाशिककर_ताई
वरचं सगळं पटलं, फक्त परत देण्याआधी जरा थांब. ज्या डिपार्टमेंटला अप्लाय करणार त्या प्रत्येकाचं पेज उघडून वाच, काही ठिकाणी आता जीआरई मागतच नाहीत आणि काही ठिकाणी ऑप्शनल आहे. मेकॅनिकलला तुझा क्वांट चांगला आहे, एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारं अर्जासोबतचं लेखन) नीट लिही. सगळं बघूनही द्यायचीच ठरली तर दोन परीक्षांत २१ दिवसांचं अंतर लागतं, डेडलाइन त्या हिशोबाने बघ.

आणि जुनी पुस्तकं वापरत असशील तर त्यातला आर्ग्युमेंटचा भाग (दुसऱ्याचा युक्तिवाद तपासायचा निबंध) सोडून दे, सप्टेंबर २०२३ पासून तो काढलाय, आता फक्त इश्यू (दिलेल्या विधानावर मत मांडायचा निबंध), ३० मिनिटं, आणि तो पेपरात पहिलाच येतो. तिथल्या एडिटरला स्पेलचेक नसतं म्हणून घरीपण ते बंद करूनच टाइप कर. मी पहिली पाच मिनिटं कच्चा आराखडा मराठीतच काढायचे, कागदावर, विचार भराभर यायचे.

सांगलीचा_मेकॅनिकल
ताई, दादा, खूप आभार. सूचनेच्या ओळी मी खरंच वाचल्या नव्हत्या, क्लासमध्ये कोणी सांगितलंच नाही. आठपैकी पाच युनिव्हर्सिटींची पेजं आत्ता बघितली, तीन ठिकाणी जीआरई लागतच नाही. उरलेल्यांना उद्या मेल करतो. तोवर रोज एक विषय लिहून काढतोय, इथे टाकला तर कोणी वाचाल का?

पुणे_ते_टेक्सास
टाक की. वाचतो शनिवारी.