कॉफीचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी झोपेचा हिशेब द्यावा

कुंभकर्ण_२: महिन्या-दोन महिन्यांनी बातमी येतेच: रोज तीन कप कॉफी प्या, लिव्हर ठणठणीत, मधुमेह लांब. मग घरातले कॉफीबाज ती मला वाचून दाखवतात.

मुळात कॅफीनने शक्ती येत नाही. दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचं रसायन साचत जातं, त्याने झोप येते. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं, एवढंच. थकवा आहे तिथेच असतो, फक्त आपल्याला कळत नाही. अंगातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचच्या कपातलं अर्धं रात्री दहालाही फिरतंय. २०१३ साली छापून आलेल्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तर झोप तासाभराहून जास्त घटली.

मी दीड वर्षापूर्वी सोडली. पहिले चार दिवस डोकं असं ठणकत होतं की विचारू नका. जी वस्तू सोडल्यावर माणूस आजारी पडतो तिला औषध कसं म्हणायचं?

दुसरा_कप: ४०० मिलिग्रॅम म्हणजे जवळपास चार मोठे कप, तेही एका दमात. संध्याकाळी असं कोण पितं हो? झोपेचं मान्य आहे, तर दुपारनंतर पिऊ नका. सकाळच्या कपाने काय घोडं मारलंय?

आणि लिव्हरचं 'बातमी' म्हणून उडवून लावू नका. कॉफी पिणाऱ्यांत लिव्हर सिरॉसिस कमी आढळतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९१ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगासाठी कॉफीला संशयितांच्या यादीत टाकलं होतं. २०१६ मध्ये त्यांनीच नाव काढलं. पंचवीस वर्षं बिचारी पिंजऱ्यात उभी! त्याच वेळी ठपका आला तो ६५ अंशांवरच्या कढत पेयांवर, अन्ननलिकेसाठी. त्यात चहाच काय, नुसतं गरम पाणीही आलं.

चष्मेवाली: पुन्हा पुन्हा दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. १९८१ मध्ये कॉफीचा स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी संबंध असाच 'दिसला' होता, पुढच्या अभ्यासांत तो टिकला नाही. जुन्या पाहण्यांत सिगारेटचाही घोळ असायचा, कारण कॉफी जास्त पिणारे बहुधा ओढायचेही जास्त. आता उलट बाजू बघा. तब्येत बिघडली की पुष्कळ जण आधी कॉफी सोडतात. म्हणजे 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारी माणसं आपोआप जमा होतात आणि पिणारे धडधाकट दिसतात. आरोप याच पद्धतीने केला तर कच्चा, आणि स्तुती केली तर पक्की?

एक गोष्ट मात्र मलाही चकवते. मधुमेहाचा धोका कमी दिसतो तो कॅफीन काढलेल्या कॉफीतही. म्हणजे काही फायदा असलाच तर तो बहुधा बियांतल्या इतर द्रव्यांचा. तुम्ही दोघं कॅफीनवरून भांडताय.

कुंभकर्ण_२: मग प्या की कॅफीनविरहित! पण ती कोणी पीत नाही, कारण हवी असते ती किक.

चालता_बोलता: जरा वेगळं. माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कॉफी गाळता कशातून? मी जाळीच्या भांड्यातून दाबून काढायचो. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल असतं, ते कोलेस्टेरॉल वाढवतं आणि कागदी फिल्टरमध्ये बरंचसं अडकतं. फिल्टर बदलला, आकडा उतरला. अर्थात तेव्हाच रोज चालायलाही लागलो होतो, तर श्रेय कोणाला द्यायचं ते चष्मेवाली ताईंनी ठरवावं.

टक्क_जागी: सगळे 'माणूस' म्हणून एकच शरीर धरून बोलताय. माझी जाऊ रात्री दहाला कॉफी पिऊन घोरते. मी दुपारी प्यायले तर दोन वाजेपर्यंत छत बघत पडते. कॅफीनचा निचरा करणारं लिव्हरमधलं एन्झाइम कुणाचं चपळ, कुणाचं मंद. सिगारेट ओढणाऱ्यांत ते जास्त वेगाने चालतं (म्हणून ओढा असं नाही!). गरोदरपणात उलटं. शेवटच्या महिन्यांत कॅफीन निम्मं व्हायचे तेच पाच तास पंधरापर्यंत जातात, म्हणून तेव्हा दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात. आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणावर लगेच कॉफी नको, अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. थायरॉइडच्या गोळीवरही नको. हे कुठल्याच बातमीत नसतं.

कुंभकर्ण_२: जाऊबाई घोरतात म्हणजे गाढ झोपतात असं नाही, हं. दुसरा_कप, आठ दिवस पूर्ण बंद करून बघाच.

दुसरा_कप: आणि डोकं दुखलं तर?

कुंभकर्ण_२: दुखणारच. एखादी गोळी घ्या.

चष्मेवाली: घेण्याआधी पाकीट उलटून बघा. डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत कॅफीनच असतं.